हायड्रोजनचा संकल्प आणि उत्प्रेरकाची उपेक्षा

जानेवारी २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. उद्दिष्ट २०३०पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे. संकल्प भव्य आहे, अभिनंदनीयही आहे. परंतु त्यात संशोधनाच्या वाट्याला आले ४०० कोटी. म्हणजे शंभर रुपयांत जेमतेम दोन! उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी मात्र १७,४९० कोटी. यंत्रासाठी हात सैल आणि यंत्राच्या प्राणासाठी मूठ आवळलेली, हा कोणता न्याय?

पाण्याचे विघटन करून हायड्रोजन देणाऱ्या विद्युतघटाचा प्राण म्हणजे उत्प्रेरक. प्रोटॉनवाहक पटलाच्या घटांत प्लॅटिनम व इरिडियम लागते. इरिडियमचे जागतिक उत्पादन वर्षाला दहा टनांच्याही आत, आणि त्यातील बहुतांश दक्षिण आफ्रिकेचे. खनिज तेलाच्या परावलंबनातून सुटण्यासाठी निघालेल्या देशाने दुर्मीळ धातूचे परावलंबन पत्करावे, याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

त्याहून बिकट प्रश्न टिकाऊपणाचा. धातूचे कण जितके सूक्ष्म, तितके त्यांचे एकूण पृष्ठफळ अधिक आणि कामही अधिक. पण हे नॅनोकण आधारावरून सरकतात, एकमेकांत मिसळून स्थूल होतात, काही विरघळूनही जातात. ऊन-वाऱ्याच्या लहरीने वीज वारंवार कमीजास्त झाली की झीज वाढते. उपाय नाहीत असे नाही. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील संशोधकांनी २०१५मध्ये दाखवून दिले, की निकेलचे कण बाहेरून न लेपता ऑक्साइडच्या स्फटिकातूनच उगवू दिले, तर ते मूळ धरलेल्या रोपाप्रमाणे जागीच राहतात आणि त्यांवर कार्बनची पुटेही कमी चढतात. उच्च तापमानाच्या घटांसाठी ही दिशा आशादायक आहे.

‘बाहेर तयार मिळते, मग हा खटाटोप कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे पाहावे. तेथे घडलेला ‘एन्सिलाइट’ हा उत्प्रेरक १९८०च्या दशकात बडोद्याच्या तत्कालीन आयपीसीएल कारखान्यात कामाला लागला. गुणवत्ता तेव्हाही होती, आजही आहे. उणीव आहे ती धीर धरून पैसा लावण्याची.

म्हणून संशोधनाचा वाटा वाढलाच पाहिजे. काही तासांच्या चाचणीवर निबंध लिहून थांबणाऱ्यापेक्षा हजारो तास टिकणारा कण घडविणाऱ्याला अनुदान मिळाले पाहिजे. अन्यथा हायड्रोजन स्वदेशी आणि त्याचा प्राण परदेशी, अशी अवस्था ओढवेल. स्वावलंबन घोषणेने येत नाही. ते प्रयोगशाळेत घडवावे लागते.