सगोत्र कावळे

कावळा हा गायक पक्ष्यांतला आहे, असे मी परवा फराळाला बसलो असता म्हणालो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी चकल्यांची ताटली माझ्यापुढून उचलून घेतली. सणाच्या दिवशी तरी खरे बोलावे, एवढेच त्यांचे म्हणणे! पण मी खरेच बोलत होतो. पक्षिशास्त्राच्या वंशावळीत कावळा हा बुलबुल-दयाळाच्या घराण्यातला. कोकिळा त्या घराण्यात मुळी मोडतच नाही.

मी वाचत होतो ते हवाई बेटांवरच्या कावळ्याविषयी. तिथले लोक त्याला 'अलाला' म्हणतात. 2002 साली रानातली शेवटची दोन पाखरे दिसेनाशी झाली; उरली ती पिंजऱ्यातली. जपून वाढवता वाढवता ती शंभरापलीकडे गेली खरी, पण सारी अवघ्या नऊ पूर्वजांची प्रजा. म्हणजे कुठलेही स्थळ पाहिले तरी सगोत्रच! पुष्कळ अंड्यांतून पिल्लू बाहेरच येत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी या कावळ्याचा जीनोम, म्हणजे पेशीत लिहिलेला आनुवंशिकतेचा सगळा मजकूर, वाचून काढला. शंभर कोटींहून अधिक अक्षरे! 2018 साली तो प्रसिद्ध झाला. आईकडची आणि बापाकडची प्रत कित्येक ठिकाणी लांबच लांब अक्षरशः एकसारखी निघाली. आता या मजकुरावरून अंडी का वाया जातात ते शोधायचे आणि त्यातल्या त्यात दूरचे नर-मादी निवडायचे. आपण पत्रिका जुळवतो; इथे जितकी कमी जुळेल तितके स्थळ उत्तम.

पण मला चटका लागला तो पुढेच. रानातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहता, 'हा मुलूख माझा' अशी हाळी पिंजऱ्यातल्या पाखरांत ऐकूच आली नाही. धोक्याची आरोळीही कमी झालेली. 2016 पासून काही पाखरे रानात सोडली, तर 'इओ' नावाच्या शिकारी पक्ष्याने त्यांतली कित्येक टिपली. उरलेली पाच 2020 साली परत आणावी लागली. 2024 मध्ये पाच पाखरे सोडली ती माउई बेटावर. तिथे इओची वस्ती नाही.

"अहो, पण ओरडायचं त्यांना शिकवणार कोण?" सौभाग्यवतींनी विचारले.

समोर जिवंत इओ दाखवून वर कावळ्यांच्या आरोळ्यांची मुद्रणे ऐकवतात, असे मी सांगितले. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग ताटली माझ्यापुढे परत आली. त्यातली एक चकली मात्र खिडकीत गेली.