भ्रमाचा भोपळा

भोपळ्याने आपल्या भाषेत बरीच जागा अडवून ठेवली आहे. परीक्षेत काहीच आले नाही की भोपळा मिळतो, दोघांचे पटत नसले की त्यांचे विळ्या-भोपळ्याएवढे सख्य असते आणि स्वतःविषयीची एखादी गोड समजूत खोटी ठरली की भ्रमाचा भोपळा फुटतो. या तिन्ही वाक्प्रचारांचा प्रत्यय मला एकाच संध्याकाळी, एकाच स्वयंपाकघरात आला. तोही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, परक्या देशात.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे लेकीकडे, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात गेलो होतो. गोष्टीतली म्हातारी तूप-रोटी खाऊन लठ्ठ होण्यासाठी लेकीकडे निघाली होती. आमचाही बेत फारसा निराळा नव्हता. त्या मुलखातल्या शरद ऋतूचे कौतुक मी पुस्तकांतून पुष्कळ वाचले होते. मेपलची झाडे लाल, केशरी, पिवळी होतात, रस्त्यावरून चालताना मान वरच राहते, हे सगळे खरे आहे. पण ती पाने गळतात आणि पावसात भिजली की पायऱ्यांवर शेवाळासारखी निसरडी होतात, हे त्या पुस्तकांत नव्हते. आम्ही पोहोचल्यावर दहाव्या दिवशी आमची ही त्या पानांवरून घसरली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांचे प्लास्टर.

लेक आणि जावई दोघेही नोकरीला, नात शाळेत. दिवसभर घरात दोन माणसे उरली. एकीला स्वयंपाक येत होता, पण हात नव्हता. दुसऱ्याला दोन्ही हात होते, इतकेच.

शनिवारी लेकीकडे जेवायला तिच्या मित्रमंडळींपैकी दोन कुटुंबे येणार होती. आदल्या रविवारी आम्ही जवळच्या एका शेतावर गेलो होतो. तिथे हारीने भोपळे मांडलेले होते. नुसते आपल्यासारखे लाल नव्हेत. हिरवे, राखी, पिवळट, सुरईसारखे, पगडीसारखे. नातीने त्यांतले गर्द हिरवे, उभ्या खाचांचे, एका माणसाला अर्धा पुरेल असे चार लहान भोपळे उचलले. त्यांना तिकडे एकॉर्न स्क्वॉश म्हणतात. आकार ओकच्या फळासारखा म्हणून. "आजोबा, हे भरून करतात," ती म्हणाली. आणि मी, कोणीही विचारले नसताना, बोलून बसलो, "मग शनिवारी मीच करतो."

या भोपळ्यांना तिकडे 'विंटर स्क्वॉश' म्हणतात. मला वाटले, ते हिवाळ्यात येत असतील. तसे नाही. ते वाढतात उन्हाळ्यात, काढतात शरदात आणि साल टणक असल्यामुळे हिवाळाभर पुरवून खातात. नाव पिकण्यावरून नाही, टिकण्यावरून आहे. याउलट झुकिनीसारखे 'समर स्क्वॉश' कोवळेच तोडायचे आणि चार दिवसांत संपवायचे. बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला हे लगेच समजते: एक बचत खाते, दुसरी मुदत ठेव. या ठेवीला व्याजही आहे. बटरनट नावाची जात महिना-दीड महिना ठेवली की पिठूळपणा कमी होऊन गोडी वाढते, कारण आतल्या पिष्टाची साखर होते. ही बटरनट जात मॅसॅच्युसेट्समधल्याच स्टो गावी चार्ल्स लेगेट नावाच्या गृहस्थांनी १९४० च्या दशकात तयार केली. आमचा एकॉर्न मात्र अल्प मुदतीचा. महिना-दोन महिन्यांत मोडलेला बरा.

शनिवारी दुपारी मी सुरी घेऊन उभा राहिलो. इथे एक कौटुंबिक खुलासा करायला हवा. आमच्या घरी, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत, अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही अशी रीत आहे. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग पुढचे बाईने पाहायचे. कोहळ्याचा बळी देण्याच्या प्रथेतून ती लाल भोपळ्यालाही चिकटली असावी. वर्षातून दोन-तीनदा मी बँकेतून घरी आलो की ही भोपळा आणि सुरी पुढे ठेवी. मी एक घाव घालून हात धूत असे. कारकुनाने सगळे व्हाउचर तयार करावे आणि अधिकाऱ्याने खाली सही ठोकावी, तसा हा प्रकार. त्या एका सहीवर स्वयंपाकघरात आपलेही काही योगदान आहे, अशी माझी समजूत बरीच वर्षे टिकून होती.

एकॉर्नने ती समजूत पहिल्या घावातच काढली. सुरी दोन बोटे आत गेली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. ही खुर्चीत बसून पाहत होती. "अहो, खाचेतून घाला. फुगलेल्या भागावर मारलं तर सुरी सटकेल. आणि देठावर जोर लावू नका, देठ बाजूला ठेवा." छत्तीस वर्षे पहिला घाव माझा होता; भोपळा कसा चिरतात हे तिला ठाऊक होते.

बिया आणि धागे चमच्याने खरवडले. आतून तेल-मीठ लावून अर्धुके ताटात पालथी घातली आणि ओव्हनमध्ये ठेवली. आपल्याकडे ओव्हन २०० अंशांवर ठेवतात हे मला माहीत होते. मी रुबाबात २०० चे बटण दाबले. तासाभराने पाहतो तर भोपळे जसेच्या तसे, शांत आणि टणक. तिकडचे ओव्हन फॅरनहाइटमध्ये चालतात. तिथले २०० म्हणजे आपले त्र्याण्णव. पाणीसुद्धा उकळणार नाही. हवे होते ४००. आयुष्यभर परकीय चलनाचे दर तोंडपाठ ठेवणाऱ्याला हे रूपांतर सुचले नाही. पदरी भोपळा पडणे म्हणतात ते हे.

चारशेवर पाऊण तासात सुरीचे टोक लोण्यात जावे तसे आत गेले. आता सारण. तिकडची रीत अशी की 'वाइल्ड राइस', अक्रोड, सेज नावाचा पाला, क्रॅनबेरी आणि वरून मेपलचा पाक. हा वाइल्ड राइस आपला तांदूळ नव्हे. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठच्या पाणगवताचे ते काळे, लांब दाणे. शिजायला पाऊण तास आणि शिजल्यावर फुटून कुरळे होतात. हिने मात्र सेजला रजा दिली. मोहरी आणि मेथीदाण्यांची फोडणी, कांदा, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा चुरा, दाण्याचे कूट, बॅगेतून नेलेला गोडा मसाला. चिंचेऐवजी क्रॅनबेरी, गुळाऐवजी मेपलचा पाक. "मेथी तांबूस झाली की लगेच कांदा," ती सांगत होती. तेवढ्यात माझी मेथी काळी झाली होती. दुसरी फोडणी केली. सारण भरून अर्धुके पुन्हा पंधरा मिनिटे ओव्हनमध्ये. कडा तपकिरी झाल्या, क्रॅनबेरी फुटून रस खाली उतरला. दुपारी एकला सुरू केलेला खटाटोप सहा वाजता संपला.

जेवण छान झाले, हे मीच सांगणे शोभत नाही, पण झाले. आंबट-गोड सारण आणि आतला पिठूळ गर चमच्याने एकत्र खरवडून खाताना टेबलावर कोणी फारसे बोलत नव्हते. मग सगळे एकदम बोलू लागले. "काका, कमाल!" "या वयात!" भोपळ्यांसह माझे फोटो निघाले. मी विनयाने मान हलवत होतो आणि आतून फुगत होतो.

रात्री भांडी आवरताना मी हिला म्हणालो, "बघ, तुझा हात बरा होईपर्यंत मी अशीच मदत करीन." ती डाव्या हाताने टेबल पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मदत बाहेरची माणसं करतात हो. तुम्ही याच घरात जेवता ना?"

बँकेत माझ्या हाताखालचा एखादा कॅशियर 'साहेब, मी आज रोकड मोजायला मदत केली' असे म्हणाला असता, तर मी त्याच्याकडे कसे पाहिले असते? ज्याचे काम असते तो मदत करीत नाही, काम करतो. झोप येईना, तेव्हा जुन्या सवयीने हिशेब मांडला. आमचे लग्न १९८७ चे. छत्तीस वर्षे, दिवसाला दोन जेवणे: सव्वीस हजार दोनशे ऐंशी. माहेरपण, आजारपण, हॉटेलातली जेवणे वजा करून म्हणा पंचवीस हजार. त्यांतल्या एकाही जेवणानंतर कोणी टाळ्या वाजवून हिचा फोटो काढल्याचे आठवत नाही. मीठ कमी पडल्याचे मात्र मी नेमाने कळवले होते. आणि दुसऱ्या बाजूला, माझ्या नावे? एक स्क्वॉश आणि वर्षाला दोन-तीन घाव.

हा एका घरचा हिशेब असता तर रविवारच्या अंकात तो मांडायचे कारण नव्हते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी शंभरात एक्क्याऐंशी घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करीत होत्या. पुरुषांत शंभरात सव्वीस. घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांतला हा वेळ ९७ मिनिटे, तोही मुळात काही करणाऱ्या त्या सव्विसांचाच. आणि हे पाच तास देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नात कुठेही जमा नाहीत. त्याच घरात पगारी स्वयंपाकीण ठेवली की तिचा पगार उत्पन्नात धरतात. गृहिणीने तेच केले तर नोंद शून्य. लेजरमधली अशी चूक मी एक दिवसही चालवून घेतली नसती.

कोणी म्हणेल, ही परंपरा आहे. परंपरेचेही थोडे पाहू. भोपळ्याचे हे कूळ मूळचे अमेरिकेचे. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात गिला नाकित्झ नावाच्या गुहेत या एकॉर्नच्याच जातीच्या लागवडीच्या बिया सापडल्या. त्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या असल्याचे ब्रूस स्मिथ या संशोधकाने १९९७ मध्ये दाखवले. आपला लाल भोपळा त्यांचाच भाऊबंद. कोलंबसापूर्वी तो आपल्याकडे नव्हता. तेव्हा त्याला लावलेली पहिल्या घावाची रीत पाचशे वर्षांहून जुनी असणे शक्य नाही. उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इरोक्वा लोकांत मका, घेवडा आणि भोपळा या 'तीन बहिणी' एकाच वाफ्यात लावीत. मक्यावर घेवडा चढे, घेवडा जमिनीला नत्र देई, भोपळ्याची रुंद पाने ओल धरून ठेवीत. तिथेही रान तोडून जमीन मोकळी करायची पुरुषांनी, आणि पेरणी, निगा, काढणी, साठवण बायकांची. पहिला घाव तिथेही पुरुषाचाच म्हणायचा! पण एक फरक होता. पिकलेल्या धान्यावर आणि साठ्यावर हुकूमही बायकांचाच चाले. आपण कामाची वाटणी ठेवली आणि हुकमाची तेवढी विसरलो.

माझ्या पिढीच्या निवृत्तांना माझे एवढेच सांगणे आहे. साठाव्या वर्षी आपल्याला शाल-श्रीफळ मिळाले, ग्रॅच्युइटी मिळाली, दुसऱ्या दिवशीपासून सकाळ मोकळी झाली. शेजारी उभ्या असलेल्या बाईला निवृत्तीची तारीखच नव्हती. उलट आपण दिवसभर घरी राहू लागल्याने तिचे दुपारचे चहा वाढले. आमच्या हिला छत्तीस वर्षांत पहिली सलग सहा आठवड्यांची रजा मिळाली ती हाड मोडल्यावर. आणि हौशी स्वयंपाकाने हे फिटत नाही. सणासुदीला एक झोकदार पदार्थ करून वाहवा मिळवणे म्हणजे पुन्हा सहीच ठोकणे. खरे काम पदार्थ करणे नसून रोज 'आज काय करायचे' हे ठरवणे, दूध संपत आलेय हे लक्षात ठेवणे, उरलेल्या भाताचे काय ते पाहणे हे आहे. आमचे जावई यातले बरेचसे न बोलता करतात. त्यांना कोणी 'या वयात' म्हणत नाही, आणि ते मदत करतो असेही म्हणत नाहीत.

परतल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. पहिले दोन महिने घरातल्या सगळ्यांनीच सोसले. मनगट बरे झाले, पण अजून तिला जड कढई पेलत नाही. पेलली असती तरी ती पेलू नये असे आता ठरले आहे. पोळ्या अजून माझ्या हातून नकाशासारख्याच होतात. असो.

अलीकडेच मंडईत लाल भोपळा घ्यायला गेलो होतो. भाजीवाल्या मावशी पाटावर भलामोठा भोपळा ठेवून कोयत्याने सपासप फोडी करीत होत्या. मी सहज विचारले, "मावशी, अख्खा भोपळा तुम्हीच चिरता?" त्यांनी कोयता थांबवला नाही. "मग काय करू दादा? दर खेपेला तुम्हाला बोलावू?"

मी अर्धा किलोची फोड पिशवीत टाकून घरी आलो. पहिला घाव मावशींनी घातलेलाच होता. साल काढायची, फोडी करायच्या आणि मेथी काळी होऊ द्यायची नाही, एवढे माझ्याकडे उरले होते.