गावाची शाळा म्हणजे कोणत्या गावाची?

दिवाळीच्या सुट्टीत घरी जेवायला बसलो होतो. मंडळाच्या अंकासाठी काय लिहायचं, हाच विषय चालला होता. मी आजीला म्हटलं, "जुन्या काळी बरं होतं गं. शाळा गावाची असायची. सगळं गाव मिळून मास्तरांना सांभाळायचं."

आजीने भाकरी मोडता मोडता एवढंच विचारलं, "कोणत्या गावाची?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. तिथे शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची. गावातली पोरं ओसरीवर बसायची आणि पणजोबा व महारवाड्यातली आणखी दोन-तीन पोरं पायरीच्या खाली, उन्हात. मास्तर त्यांची पाटी हातात घेत नसत, लांबूनच बघत. पावसाळा आला तसं ते बसणंही संपलं. पुढे मिशनची शाळा निघाली आणि पणजोबांना तिथे अक्षर आलं. त्या अक्षराच्या जोरावर आजोबांपर्यंत रेल्वेची नोकरी पोचली, नोकरीमुळे आमचं घर बुऱ्हाणपूरला आलं, आणि आज मी या अंकात मराठीत लिहिते आहे.

हे ऐकल्यावर माझा ठरवलेला लेख बारगळला. गावाने चालवलेल्या शाळांचे सोनेरी दिवस, असं काहीतरी मी लिहिणार होते. आता मला वेगळंच सांगायचं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत खेड्यांतल्या शाळांसाठी जे झगडे झाले, त्यातून दोन प्रश्न पुढे येतात. एक, शाळेत गावाचा वाटा किती? आणि दोन, त्या 'गावात' कोणाकोणाला मोजलं जातं? यातला एकच प्रश्न विचारला की आपली फसगत होते.

आधी सरकारचं बघू. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं: सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते, पण शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी, १९११ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. म्हणजे देशाच्या पातळीवर दार उघडलंच नाही.

संस्थानांनी मात्र हे करून दाखवलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये तर अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. पण माझ्या पणजोबांचा नगर जिल्हा ब्रिटिश मुलखात होता. शाहू महाराजांचा हुकूम तिथे कसा पोचणार?

मग १९२९ मध्ये हार्टोग समितीचा अहवाल आला. त्यातला एक आकडा शिक्षणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत हमखास सापडतो. १९२२-२३ मध्ये पहिलीत शंभर मुलं असतील, तर १९२५-२६ मध्ये चौथीत पोचली फक्त १८. बाकीची गळाली, नाहीतर त्याच वर्गात अडकून बसली. समितीने यावर उपाय सुचवला तो असा: शाळांची संख्या वाढवायची घाई नको, आहेत त्या सुधारा, नीट एकवटा.

हे वाचताना मला थबकायला झालं, कारण हीच भाषा आपण आजही ऐकतो. मध्य प्रदेशात 'एक परिसर, एक शाला' झालं. तिकडे महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं यावर वाद झाला आणि 'समूह शाळा' हा शब्द आला. छोटी शाळा परवडत नाही, मोठी चांगली करू. यात खोटं काही नाही. एका मास्तरावर चार इयत्ता टाकल्या तर शिकवणार तरी काय? पण तो आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. ८२ मुलं का गळाली? पेरणी-कापणीला घरी हात हवे होते, शाळेतून मिळणारं काही घरच्यांना दिसत नव्हतं, आणि शाळा गेली काय, राहिली काय, त्यांना ती कधी आपली वाटलीच नव्हती. अशा शाळेला तुम्ही दोन मैल लांब नेलंत, तर उरलेली १८ तरी येतील का?

त्याच काळात सातारा जिल्ह्यात एक माणूस अगदी उलट्या दिशेने चालला होता. भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. तिथे सगळ्या जातीधर्मांची पोरं एका पंगतीत जेवायची आणि अंगमेहनतीची कामं स्वतः करायची. भाऊरावांनी मुलांना मागे नेलं, घाण काम करायला लावतात, अशी टीका करणारेही होते. पण 'स्वावलंबी शिक्षण' हे त्यांच्यासाठी भिंतीवर लिहायचं वाक्य नव्हतं. काम केलं की शिक्षण उपकार राहत नाही, एवढा साधा हिशोब होता.

लक्ष्मीबाईंची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्र विकलं. आपण ती ऐकतो आणि डोळे पुसतो. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती बाई सगळ्या जातींच्या मुलांना स्वतःच्या हाताने वाढत होती. सोनं देणं एकवेळ सोपं असेल, पंगत एक करणं तेव्हा त्याहून अवघड होतं.

भाऊरावांची एक रीत तर माझ्या मनात घर करून बसली आहे, ती मुष्टिफंडाची. दळायला बसण्याआधी बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचं. त्या मुठी गोळा होऊन वसतिगृहाच्या चुलीपर्यंत जायच्या. मूठ कोणाच्याही घरातून निघू शकते. जमीन नसली, पैसा नसला, तरी मूठ असते. पुढे १९३०च्या दशकाच्या शेवटी, जिथे शाळाच नव्हती अशा खेड्यांत आणि वाड्यांवर संस्थेने व्हॉलंटरी शाळा काढायला सुरुवात केली. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. हार्टोग समिती आखडतं घ्या म्हणत होती आणि हा माणूस डोंगरावरच्या वाडीत मास्तर पाठवत होता.

आता आपल्या गावाकडे येऊ. तेव्हा बुऱ्हाणपूर मध्य प्रांतात होतं, निमाड जिल्ह्यात. १९३७ मध्ये इथे काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. सरकारकडे पैसा कमी आणि शाळेविना गावं भरपूर. म्हणून गावातल्या कोणीतरी जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर गावाची शाळा चालायची. शिक्षक तयार करण्यासाठी एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्याला प्रशिक्षण शाळेची पायाभरणीही झाली, गांधीजींच्या हस्ते. मुष्टिफंडासारखीच ही कल्पना: शाळेला गावाचा वाटा.

पण दोन ठिकाणी ती अडखळली असं मला वाटतं. पहिलं नाव. 'विद्यामंदिर' या शब्दाला मुसलमानांनी जोरदार हरकत घेतली, आणि तो प्रांताच्या राजकारणातला मोठा वाद झाला. शब्द देणाऱ्यांचा हेतू वाईट नसेलही. पण आपल्या बुऱ्हाणपूरच्या गल्ल्यांतून जरा चालून बघा, लूमचा खडखडाट ऐका, आणि मग ठरवा की इथल्या विणकराच्या घरात त्या नावाची पाटी कशी वाचली गेली असती. दारावरच्या पाटीनेच अर्धं गाव बाहेर राहिलं, तर आतली शाळा कितीही चांगली असो.

दुसरं जमीन. जमीन देईल त्याचा वाटा. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचं काय? त्याचं पोर दात्याच्या कृपेने शिकणार. मूठभर धान्यात जे होतं ते एकरभर जमिनीत नव्हतं. नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना मागे पडली. कदाचित तिला वेळच मिळाला नाही. पण तिच्यातला प्रश्न अजून जिवंत आहे.

याच काळात सातासमुद्रापार, अमेरिकेच्या दक्षिण भागात, असंच काहीतरी चाललं होतं. 'गुलामगिरी' हे पुस्तक फुल्यांनी तिथल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केलं होतं, त्यामुळे ती जागा आपल्याला परकी नाही. मुक्ती मिळाली, पण काळ्या मुलांच्या शाळांना सरकार पैसा देईना. तेव्हा बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ पासून योजना केली: पैसे देऊ, पण वस्तीनेही आपला वाटा घालायचा, कोणी रोकड, कोणी लाकूड, कोणी मजुरी. १९३२ पर्यंत पाच हजारांच्या आसपास शाळा उभ्या राहिल्या. आणि काळ्या कुटुंबांनी जमवलेली रक्कम रोझेनवाल्डने दिलेल्या रकमेहून जास्त भरली! पण ही गोष्ट सांगताना एक कडू घोट गिळावा लागतो. हीच माणसं करही भरत होती. म्हणजे एका शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले.

म्हणून माझं म्हणणं नीट समजून घ्या. 'गावाने वाटा उचलावा' हे वाक्य सरकारच्या तोंडी शोभत नाही. ते बोललं की समजावं, हात झटकायची तयारी चालली आहे. पगार, इमारत, पुस्तकं हे सरकारचंच काम, फुल्यांनी सांगितलं तेव्हाही आणि आजही. वाटा म्हणजे पैसा नव्हे. ही शाळा माझी आहे आणि तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे, ही भावना म्हणजे वाटा.

आता आपल्याबद्दल, म्हणजे ख्रिस्ती संस्थांबद्दल. हे लिहिताना हात जरा अडखळतो. कार्यक्रमांत आपण 'शिक्षण ही सेवा' असं अभिमानाने म्हणतो. मिशनच्या शाळेने पणजोबांसाठी दार उघडलं, हे ऋण मी कधीच नाकारणार नाही. पण सेवेत एक देणारा असतो आणि एक घेणारा. पणजोबा त्या शाळेचे विद्यार्थी झाले. ती शाळा त्यांची झाली का? मी आजीला हेही विचारलं. ती म्हणाली, "माझी आजी दर शनिवारी मास्तरांकडे दोन अंडी पाठवायची. मास्तर नको म्हणायचे. ती म्हणायची, नको कसं, माझा पोरगा आहे तिथं." शुभवर्तमानातल्या त्या गरीब विधवेची दोन नाणी आपण दरवर्षी प्रवचनात ऐकतो. माझ्यासाठी आता ती दोन अंडी आहेत. फी नव्हती ती. तो तिचा वाटा होता.

गेल्या वर्षी शिबिरासाठी आम्ही एका खेड्यात गेलो होतो. तिथल्या शाळेत एक ताई भेटल्या. त्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्य होत्या. बैठकीत काय ठरलं विचारलं तर म्हणाल्या, "बैठक? मी तर सही केली होती." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ही समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. म्हणजे गावाचा वाटा कायद्यात आहे, दारही कायद्यात आहे, आणि दोन्ही एका रजिस्टरमध्ये बंद आहेत. अशी शाळा उद्या दुसऱ्या शाळेत विलीन झाली तर गावातून कोण उठणार आहे?

आपण साहित्य मंडळाची मंडळी, शाळा काढू शकत नाही. पण त्या ताईंना कायद्यातल्या त्यांच्या समितीबद्दल चार ओळी सोप्या भाषेत लिहून देऊ शकतो. सही करण्याआधी कागद वाचून दाखवू शकतो. आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारू शकतो: तुमच्या गावात शाळा कुठे भरायची, आणि तुम्ही कुठे बसायचा? ओसरीवर की पायरीखाली? ही उत्तरं लिहून ठेवायला हवीत, कारण ती सांगणारी माणसं फार दिवस राहणार नाहीत.

तुमच्या घरी मिळालेली उत्तरं मंडळाकडे पाठवा. पुढच्या अंकात ती एकत्र छापू. माझ्याकडून पहिलं उत्तर दिलं आहे: पायरीखाली.