होरेस आणि आमची द्राक्षबाग

आमच्या टीममधल्या एकाच्या कॉफीच्या मगावर 'कार्पे डिएम' असं छापलंय. अर्थ विचारला तर म्हणाला, "मजा कर लेका, उद्याचं कुणी बघितलंय!" आणि गोव्याचं बुकिंग दाखवलं. असो.

हे शब्द होरेस या रोमन कवीचे, इ. स. पूर्व 23 च्या सुमाराचे. फिलिप्पीच्या लढाईत (इ. स. पूर्व 42) हा गडी हरलेल्या बाजूने लढला आणि वडिलांची जमीन गमावून बसला. तो नुसती मजा कर म्हणेल, हे मला काही पटत नाही. 'कार्पे' म्हणजे तोडणं, खुडणं... फळ खुडतात तसं. त्याच कवितेत तो लांबलेली आशा छाटायलाही सांगतो. छाटायला! बागाइतदाराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कुंडलला आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात छाटणी, पुढे चारेक महिने जिवाला घोर. घड कच्चा तोडला तर संपलंच, आंब्यासारखा तो अढीत पिकत नाही. अजून साखर भरू दे म्हणून थांबावं, तर अवकाळी पाऊस येतो आणि मणी तडकतात. अण्णा रोज सकाळी दोन-चार मणी चाखून बघतात.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला होता, "परवा माल काढायचाय, येतोयस का?" म्हटलं, रिलीज आहे, पुढच्या वर्षी नक्की. 'पुढच्या वर्षी'चं हे चौथं वर्ष.

यंदा त्यांनी विचारलंच नाही. मीच आईला तारीख विचारून घेतली. रजेचा मेल टाकलाय, अजून उत्तर नाही. किर्लोस्करवाडीचं तिकीट मात्र काढून ठेवलंय.