पन्नी सोडायची, पण धुणार कोण?

आमच्या आर्णीत प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात. भाजी पन्नीत, दूध पन्नीत, टपरीवरून आणलेला गरम चहा पन्नीत, आणि विदर्भाचा लाडका खर्रा तर पन्नीतच घोटला जातो. बकरी ईदला नातेवाइकांकडे जाणारा कुर्बानीचा वाटाही पन्नीतच असतो. नालीत अडकलेली, गायीच्या तोंडात दिसणारी, थंडीत चूल पेटवताना वापरली जाणारीही हीच. तिचा धूर विषारी असतो हे आता सर्वांना माहीत आहे. प्लास्टिक वाईट आहे, हे पटवून देण्यासाठी हा लेख नाही. पटलेले असूनही ते आपल्या घरातून का जात नाही, याबद्दल बोलायचे आहे. सुरुवात माझ्याच घरापासून करतो.

महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत दिली आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडला तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या वर्षी रमजान ईद 16 जूनला झाली होती, म्हणजे बंदीच्या आठवडाभर आधी. खरी परीक्षा 22 ऑगस्टला आली, बकरी ईदच्या दिवशी.

कुर्बानीच्या गोश्तचे तीन वाटे करण्याची रीत आहे. एक घरचा, एक नातेवाईक आणि शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा. ओले गोश्त कागदात टिकत नाही, कापडातून त्याचे पाणी गळते. पन्नीने हा प्रश्न कितीतरी वर्षांपूर्वी सोडवून टाकला होता. त्या वर्षी मी घरात जाहीर केले की यंदा एकही पन्नी वापरायची नाही, सगळे वाटे स्टीलच्या डब्यातून जातील. मला फार मोठे काम केल्यासारखे वाटत होते. बायकोने एकच सवाल केला, "धोएगा कौन?"

मी तो सवाल हसण्यावारी नेला. ईदच्या दिवशी दुपारपर्यंत घरातले सगळे डबे बाहेर गेले. काही परत आले, काही आलेच नाहीत. जे आले ते चरबीने माखलेले. चरबी थंड पाण्याने निघत नाही, त्यासाठी पाणी तापवावे लागते. एक डबा रिकामा करून, धुऊन, पुसून पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या घरी पाठवायचा. आत कलेजी शिजत होती, पाहुणे येत होते, आणि बायको व अम्मी मोरीत बसून डबे घासत होत्या. मी नवे कपडे घालून वाटे पोचवत होतो आणि ज्याच्या त्याच्याकडे आमच्या घरच्या प्लास्टिकबंदीची तारीफ ऐकत होतो.

पुढच्या बकरी ईदला पन्नी परत आली. कोणी काही ठरवले नाही, कोणी काही बोललेही नाही. मीसुद्धा नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी लोकांना नावे ठेवत राहिलो. लोकांना सवय लागली आहे, लोक आळशी आहेत, पर्यावरणाचे कोणाला पडलेले नाही, वगैरे. हळूहळू लक्षात आले की पन्नी ही घरात नुसती वस्तू म्हणून आलेली नाही. ती श्रम वाचवणारी म्हणून आली, आणि तिने वाचवलेले श्रम जवळजवळ सगळे बाईचे होते.

अम्मी सांगते, तिच्या लहानपणी मटण पळसाच्या पानात बांधून मिळायचे. यवतमाळ जिल्ह्यात पळसाची काय कमी! तेल आणायला घरून बाटली न्यायची, दुधाला गंज, किराण्याला कापडी थैली. लग्नाच्या पंगतीत पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. हे ऐकताना मला तो काळ फार चांगला वाटतो. पण अम्मी त्याबद्दल तशी हळवी होत नाही. तेलाची बाटली राखेने घासून उन्हात ठेवायची, थैलीला हळदीचा डाग पडला की धुवायची, दुधाचा गंज रोजच्या रोज खरवडायचा, हे सगळे तिने केले आहे. दुधाची पिशवी कात्रीने कापून फेकून देण्यातले सुख काय असते, ते तिला विचारावे.

रमजानचेच बघा. घरातल्या बायकांचाही रोजा असतो. दुपारपासून त्या भजी, चणे, फळे, सरबत यांच्या तयारीला लागतात. मगरिबची अजान झाली की पुरुष खजूर तोंडात टाकून मशिदीत जातात, नंतर इशा आणि तरावीह. दस्तरखानवर पडलेल्या ताटवाट्या कोणाच्या वाट्याला येतात? वीस-पंचवीस माणसांना इफ्तारला बोलावायचे असेल तर विचारूच नका. अशा घरात पहिल्यांदा फेकायच्या प्लेटा आल्या तेव्हा बाईने सुटकेचा श्वास सोडला असेल, तर तिला दोष कसा द्यायचा? ही गोष्ट फक्त मुस्लिम घरांची नाही. शेजारच्या घरी महालक्ष्मीचे जेवण असते तेव्हाही उष्ट्या भांड्यांचा ढीग बायकांच्याच समोर असतो. उन्हाळ्यात पाणी जपून वापरायचे असते, तेव्हा तर भांडे घासणे हा दुहेरी हिशेब होतो.

आता दुसरी बाजू. घरात पन्नी आणतो कोण? स्वयंपाकघराच्या दारामागे आमच्याकडे एक खिळा आहे, त्याला सगळ्या पन्न्या अडकवलेल्या असतात. एका आठवड्यात कोणती पन्नी कोणी आणली याचा मी मनातल्या मनात हिशेब ठेवला. निम्म्याहून अधिक मी आणल्या होत्या. कारण साधे आहे. बायको बाजारात जाते तेव्हा थैली घेऊन जाते. मी कामावरून परतताना गाडी थांबवतो, पाव किलो मिरची, कोथिंबिरीची जुडी, अर्धा डझन केळी घेतो आणि हात पुढे करतो. थैली घेऊन फिरणे पुरुषाला कमीपणाचे वाटते. शिवाय टपरीवरचा चहा, पाण्याची बाटली, खर्ऱ्याची पन्नी घरापर्यंत येतच नाही, ती रस्त्यावरच पडते. तो हिशेब खिळ्यावर दिसत नाही. आणि घरी आल्यावर बायकोला प्लास्टिकवर भाषण देणारेही आम्हीच.

कायद्याचेही काहीसे असेच झाले. जो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमजोर, त्याच्यावर भार. आठवडी बाजारात जमिनीवर पाल टाकून बसलेल्या भाजीवालीच्या सगळ्या मालाची किंमत पाच हजार होत नाही, दंड मात्र पाच हजारांचा. ती पन्नी हौसेने देत नाही. नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारच्या पालावर जाते. दुसरीकडे, बंदी लागू झाल्यावर काही दिवसांतच किराणा मालाच्या पॅकिंगला सवलत द्यावी लागली. दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे ठेवायचे आणि रिकामी पिशवी परत दिली की ते परत मिळायचे, अशी चांगली तरतूद 2018च्या नियमात होती. ती नीट चालली असती तर आमच्या खिळ्यावर दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातलेल्या दिसल्या असत्या. माझ्या हातात तरी असे पन्नास पैसे कधी पडले नाहीत. 1 जुलै 2022 पासून केंद्र सरकारने प्लास्टिकच्या प्लेटा, चमचे, स्ट्रॉ अशा एकदा वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्याच वर्षाच्या शेवटापासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. पण बिस्किटाचा पुडा, शाम्पूची पुडी, मसाल्याचे पाकीट, तेलाचे पाऊच यांना हात लागलेला नाही. त्यांचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने कंपन्यांवर आहे, पण आर्णीच्या नालीत अडकलेले पाकीट न्यायला कोणी आलेले मी पाहिलेले नाही. घर कितीही सुधारले तरी हा वाटा घराच्या हातात नाही, हे मान्य केले पाहिजे.

मधल्या काळात आपली फसगतही बरीच झाली. कपड्याच्या दुकानात रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी मिळते. आपण ती कापडी समजून जपून ठेवतो. ती बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकचीच. चहाचा कागदी कप आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, नाहीतर चहा त्यात टिकलाच नसता. आणि हे सगळे कुठे, तर कापसाच्या जिल्ह्यात! ज्या यवतमाळचा कापूस गाड्या भरभरून बाहेर जातो, तिथे माणूस दोन किलो कांदे आणायला प्लास्टिक शोधतो. घराघरांत जुन्या ओढण्या, साड्या, चादरी पडून आहेत. शिंप्याला दिल्या तर एका चादरीच्या चार-पाच थैल्या होतात.

आमच्याकडे जुम्म्याच्या बयानात इस्राफवर, म्हणजे उधळपट्टीवर, बोलले जाते. वजू करताना, अगदी वाहत्या नदीच्या काठी असलात तरी, पाणी वाया घालवू नका, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला पाठ आहे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, हेही माहीत आहे. प्लास्टिकच्या संदर्भात या दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात आणि सांगितल्याही पाहिजेत. पण याच प्रश्नाशी जोडलेली तिसरी गोष्ट मी फार कमी वेळा ऐकली आहे. प्रेषित घरी असताना काय करत, असे हजरत आयेशा (र.) यांना विचारले गेले, तेव्हा ते घरच्यांच्या कामात हातभार लावत, असे त्यांनी सांगितल्याची हदीस आहे. आपले कपडे आणि चपला ते स्वतः दुरुस्त करत. मिस्वाकची सुन्नत आपण जपतो, दाढीच्या सुन्नतवर वाद घालतो. घरकामाची सुन्नत मात्र आपण बायकांसाठी सोडून दिली आहे.

म्हणून माझे मत असे झाले आहे की प्लास्टिक कमी करण्याचा निर्णय घरातल्या पुरुषाने घ्यायचा असेल, तर त्यातून वाढणारे काम आधी त्याने स्वतःच्या अंगावर घ्यावे. नाहीतर तो निर्णय नाही, नुसता हुकूम आहे. आणि असा हुकूम एका ईदपुरताच टिकतो.

गेल्या रमजानमध्ये आमच्या घरी इफ्तारसाठी पुन्हा स्टीलची ताटे काढली. भांडी मी आणि मुलगा घासत होतो, मगरिब आणि इशाच्या मधल्या वेळेत. पहिले चार दिवस अम्मीला ते बघवत नव्हते. ती उठून यायची, मला बाजूला हो म्हणायची. पाचव्या दिवशी तिने घासणी कुठे ठेवली आहे ते सांगितले. तीन दिवस मी दमलो होतो म्हणून फेकायच्या प्लेटा वापरल्या. माझ्या गाडीच्या डिक्कीत आता दोन थैल्या असतात. कधी विसरतो, तेव्हा मिरची खिशात घालून आणतो.

बकरी ईदचे मात्र पूर्ण जमलेले नाही. जवळच्या नातेवाइकांना आम्ही सांगून टाकले आहे की वाटा न्यायला येताना आपला डबा आणा, आणि लोक आणतात. शेजारी वाटे पोचवायला आमचे डबे जातात, ते धुण्याचे काम माझ्याकडे आहे. पण जी गरीब माणसे लांबून चालत येतात आणि दहा दारांवरून वाटा गोळा करतात, त्यांना डबा आणा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांच्यासाठी पळसाची पाने आणून पाहिली. एका वाट्याला ठीक आहे, दहा घरांचे गोश्त त्यात मावत नाही. त्यांना आम्ही अजून पन्नीतच देतो. यावर कोणाकडे चांगला उपाय असेल तर मला जरूर कळवा. फक्त त्या उपायात धुणार कोण, हेही लिहा.