ही जाळी कशाची?

विद्यार्थिमित्रांनो, विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरताना जुन्या २०० लिटरच्या पिंपाची भट्टी मी पाहिली आहे. तळाशी निखारे, वर जाळी, जाळीवर धुरी घेणारे मासे. तापमानाचा आलेखही सुबक. ‘ही जाळी कशाची?’ असे विचारले की उत्तर येते, ‘लोखंडाची, सर.’

नुसत्या लोखंडाची ती क्वचितच असते. स्वस्त, चकचकीत जाळीवर गंज चढू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला असतो. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते. माशांजवळ तापमान शंभराच्या आसपास. मग भीती कसली, असे तुम्ही म्हणाल. पण निखारे ठेवायची टोपलीही त्याच जाळीची केलेली असते, आणि लाल निखारा ७०० अंशांच्या वर असतो! तेथे जस्ताची वाफ होते, ऑक्सिजनशी संयोग पावते आणि झिंक ऑक्साइडची पांढरी पूड धुरात मिसळते. ती छातीत गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप ठाऊक आहे. वरची जाळीही निर्धोक नव्हे; माशाला लावलेल्या लिंबाच्या आम्लात जस्त विरघळते.

तेव्हा जाळी स्टेनलेस स्टीलची आणि टोपली बिनमुलाम्याच्या लोखंडाची घ्या. रसायनाचे पिंप तर नकोच. ‘रिकाम्या’ पिंपात उरलेली वाफ कापताना ठिणगीने भडकू शकते.

शिक्षकांनो, गुणपत्रिकेत आलेखाइतकेच गुण साहित्याच्या निवडीला ठेवावेत, असे माझे मत आहे. ‘मुलामा आधी जाळून टाकू’ असे सुचवणारेही भेटतात. अहो, तो जाळतानाच तर हा धूर होतो!