सगळेच करतात म्हणून?

मुकुटबन परिसरातल्या कास्तकाराचे वर्षभराचे गणित शेवटी कापसाच्या वजनकाट्यावर येऊन ठेपते. तिथे एक सवाल हमखास ऐकू येतो : सगळेच मापात पाप करत असतील, तर एकट्याने इमान राखून काय होणार?

हजरत शुऐब यांच्या मदयन गावी माप मारणे हाच बाजाराचा रिवाज होता. तरीही त्यांनी पुरे माप देण्यास बजावले. कुरआनातील ८३ वी सूरत घेताना पुरेपूर आणि देताना कमी मोजणाऱ्यांना खडसावते. रिवाज झाला म्हणून गुन्हा माफ होत नाही.

पुण्यात १८४९ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले, तेव्हा समाजाचा कौल त्यांच्या विरोधात होता. उस्मान शेख यांनी त्या कौलाची वाट न पाहता दार उघडले.

इमानाची किंमत मोजावी लागते, हे खरे. ती एकट्यावर पडू नये म्हणून गिऱ्हाइकानेही खऱ्या काट्याच्या दुकानीच जावे.

रोजेदार बंद खोलीतही पाण्याचा घोट घेत नाही. तोच संयम काट्यापाशी टिकला, तर रोजा सार्थकी लागला.